वहीत फक्त माझं अक्षर

बाबांच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. दोनशे पानी, एकेरी रेघांच्या, बडोद्याच्या तरसालीत आमच्या सोसायटीच्या नाक्यावरच्या दुकानातून घेतलेल्या. बाबांच्या म्हणते खरी, पण त्यांत बाबांचं एकही अक्षर नाही, सगळं मीच लिहिलेलं आहे. बाबांना ऐकू येत नव्हतं, बोलता मात्र चांगलं येत होतं. मी लिहायचे, ते वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. २०१२च्या दिवाळीपासून ते जाईपर्यंत आमचं जे बोलणं झालं, त्यातलं माझं तेवढं कागदावर राहिलं.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. शेजारी कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकाच बाजूचं ऐकू यावं, तशा या वह्या मी वाचते. 'हो, पण आईला आत्ता सांगू नका.' काय सांगायचं नव्हतं? 'तिन्ही. मधली जरा सैल आहे.' खुर्चीचे स्क्रू असतील, नाहीतर माझ्या बांगड्या. काही पानांवरची उत्तरं मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात, बऱ्याच पानांवरची येत नाहीत. जी येतात ती जायच्या आत लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरात कुणाचे कान हळूहळू जात असतील, त्यांच्या उपयोगी पडलं तर बाबांना बरं वाटेल.

१. 'काही नाही' असं सांगू नये

जेवताना आई काहीतरी सांगायची, आम्ही हसायचो. बाबा मान वर करून विचारायचे, "काय झालं?" आणि आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, "काही नाही, जाऊ द्या." आमच्या मनात काही वाईट नसायचं. तीच गोष्ट पुन्हा, मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून सांगायची, म्हणजे तिच्यातली गंमत जायची. ताटातलंही गार व्हायचं.

एके दिवशी त्यांनी ताट तसंच ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, काही नाही तर मग तुम्ही सगळे हसलात कशाला?" आणि उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी मांजलपूरहून, माझ्या सासरहून येताना मी वही घेऊन आले. पहिल्या पानावर आदल्या रात्रीची गोष्ट लिहिली. आईने कुकरमध्ये पाणी न घालता डाळ लावली होती आणि शिट्टी का होत नाही म्हणून अर्धा तास त्याच्यासमोर बसली होती, एवढंच. बाबांनी वाचलं, आईकडे बघितलं आणि हसले. एक दिवस उशिरा हसले.

त्यांना मोठ्या बातम्या कळायच्याच, कुणी ना कुणी सांगायचंच. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दवाखान्यात नेलं. निसटायचं ते असलं कुकरचं. घरात राहून घराबाहेर पडतो माणूस तो या असल्या गोष्टींमुळे, हे मला त्या वहीने शिकवलं.

२. कान जातात ते अक्षरा-अक्षराने

बाबा टर्नर. आयटीआय करून मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले आणि पस्तीसेक वर्षं लेथवर उभे राहिले. लेथचा आवाज एवढा नसतो. पण त्यांच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला पॉवर प्रेस होते, दिवसभर पत्रा कापणारे, आणि मधल्या भागात ग्राइंडर. आठ तासांच्या पाळीत सरासरी ८५ डेसिबलच्या वर आवाज असला तर कानाला धोका, असं या विषयातले जाणकार मानतात. त्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. यावरून काय ते समजावं.

कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या भागात, बारीक केसांच्या पेशी असतात. गोंगाटाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. आणि मरतात त्या आधी उंच स्वरांच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून अशा माणसाला पंखा, ट्रक, ढोल ऐकू येतो, आपण बोलतोय हेही ऐकू येतं, फक्त शब्द लागत नाहीत. स, श, च, फ ही व्यंजनं सगळ्यांत आधी जातात, स्वर राहतात. आई 'साठ' म्हणायची, बाबांना 'आठ' ऐकू यायचं. भाजीच्या लारीवर यावरून दोनदा वाद झाला आणि आम्ही समजलो की बाबांचं लक्ष नसतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी हरवतात. माझा आवाज त्यांच्यासाठी कारखान्यातल्या दोस्तांच्या आधी गेला. त्या काळात मी मनात धरून बसले होते की बाबा मित्रांचं ऐकतात आणि माझं ऐकत नाहीत.

हे सगळं मला कळलं ते तपासणीनंतर, कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर धरला तेव्हा. रेघ डावीकडून बरी चाललेली आणि उजवीकडे विहिरीत पडावी तशी खाली. मशीन लावून पाहिलं. आवाज वाढला, पण गेलेली अक्षरं काही परत आली नाहीत. भांड्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात जायचा, म्हणून बाबांनी ते डबीत ठेवून दिलं. लवकर लावलं असतं, सवय झाली असती, तर कदाचित निराळं झालं असतं. टीव्हीचा आवाज वाढला, फोन एकाच कानाला लागायला लागला, 'हं हं' म्हणून मान हलवणं वाढलं, की तपासणी करून घ्यावी. आम्ही पाच-सहा वर्षं घालवली.

आणखी एक, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरांसाठी. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो होता. आम्हाला हे कळलं तेव्हा बाबा निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांना तर हे वयाचंच वाटत राहिलं.

३. हाताला कळतं

मी एकदा वहीत विचारलंय, 'कानात बोळे का नाही घातलेत तुम्ही?' याचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "बोळे घातले तर टूल काय बोलतंय ते कसं कळणार?"

टर्नर कानाने काम करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कट बरोबर बसला असला की लोखंड एकसारखं सळसळत निघतं. टूल बोथट झालं किंवा जॉब नीट धरला नसला की किरकिर सुरू होते आणि जॉबवर लाटा उमटतात. डोळ्याला दिसेपर्यंत जॉब गेलेला असतो. म्हणजे ज्या कानावर त्यांची कारागिरी उभी होती, तोच उघडा ठेवावा लागला आणि त्यातच तो गेला. शेवटची काही वर्षं ते टूलपोस्टवर डाव्या हाताची बोटं टेकवून ठेवत. थरथर बोटाला कळायची.

ती सवय घरी आली. मिक्सरवर हात, पाण्याच्या मोटरवर हात. उत्तरायणाला गच्चीवर चारी बाजूंनी 'काप्यो छे'चा गजर व्हायचा, त्यातलं त्यांना काही ऐकू यायचं नाही, पण पतंगाच्या दोरीवर बोट ठेवून ते सांगायचे की वर वारा फिरलाय. आणि माझी मुलगी तान्ही असताना रात्री रडायची, तेव्हा तिच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणायचे, "आता थांबली." अंधारात, न बघता. नेमकी तेव्हाच थांबलेली असायची.

४. भाषेला घरात काम द्यावं लागतं

माझी शाळा गुजराती. तरसालीत आजूबाजूला सगळं गुजराती, आणि घरात आमची ती बडोदेकरी मराठी, जिच्यात वाक्याच्या शेवटी 'ने' येतं आणि पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. मराठी लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. त्यामुळे मी मराठी लिहिलं तरी अक्षरं मोकळीच राहायची, डोक्यावर रेघ नाही.

बाबांना ते चालायचं नाही. नव्वदच्या दशकात, त्यांचे कान शाबूत असताना, दर रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून लालबाग, न्यायमंदिर करत मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. ते पुढे तोंड करून बोलायचे आणि वाऱ्यावरून ते माझ्यापर्यंत यायचं. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा बारा वर्षांचा पोरगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आला, त्याला तोवर लिहिता-वाचताही येत नव्हतं, आणि त्याच सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड व्हायचा. "माझी आजी त्या दंडाच्या धाकाने शिकली," बाबा सांगायचे. "तिच्या बापाला पोरगी शिकवायची नव्हती, पण पैसेही भरायचे नव्हते." ती आजी पुढे पोथी वाचायची आणि तिच्या मांडीवर बसून बाबांनी अक्षरं ओळखली.

लायब्ररीत रॅकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, खालपर्यंत उजेड यावा म्हणून. लहानपणी मला त्यांच्यावर पाय ठेवायची भीती वाटायची. बाबा पुढे जायचे आणि टाच आपटून दाखवायचे. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था लावून घेतली, स्वतःची पुस्तकं दिली, आणि गावोगाव वाचनालयं काढली. एका लेथवाल्याच्या मुलीला तिथे रॅकमधून हाताने पुस्तक काढता येत होतं, हे बाबांना फार मोठं वाटायचं. मला तेव्हा त्यानंतरच्या सेव-उसळीचं जास्त वाटायचं.

तर एवढं करूनही माझं मराठी वाचण्यापुरतंच राहिलं. लिहितं झालं ते या वह्यांनी, कारण आता त्याला काम होतं. लिहिलं नाही तर बाबांना कळणारच नव्हतं. मी भराभरा लिहायचे, शिरोरेखा टाकून द्यायचे. बाबा वाचायच्या आधी त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवायचे. बोलायचे नाहीत. मी रेघ ओढायची, मग ते वाचायचे. 'दुध' लिहिलं की बोट द वर थांबायचं. मी खोडून 'दूध' करायचे.

हे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं. वहीत त्यांचं अक्षर नाही असं मी वर म्हटलं, पण खाडाखोड सगळी त्यांची आहे. जिथे जिथे शब्द खोडून नीट केलाय, तिथे त्यांचं बोट टेकलं होतं. पाचव्या-सहाव्या वहीपासून ती कमी होत जाते.

५. हसू शिळं होतं, तरी द्यावं

फेब्रुवारी २०१८मध्ये बडोद्यात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. याआधीचं इथलं १९३४चं, म्हणजे बाबांच्या जन्माच्याही आधीचं. त्यांना जायचंच होतं. मी म्हटलं, म्हणजे लिहिलं, 'तुम्हाला भाषणं ऐकू येणार नाहीत.' ते म्हणाले, "तू आहेस ने."

तीन दिवसांत साठ पानं भरली. वक्ते बोलत होते, मी टिपून घेत होते, बाबा माझ्या खांद्यावरून वाचत होते. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख बोलले तेव्हा तर बोटं आखडली. अडचण व्हायची ती मांडव हसायचा तेव्हा. बाबा लगेच माझ्याकडे बघायचे. विनोद लिहून होईपर्यंत वक्ता पुढे गेलेला असायचा, लोक गंभीर झालेले असायचे, आणि मग बाबा एकटेच मोठ्याने हसायचे. पुढच्या रांगेतले लोक वळून बघत. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा हसले.

ती वही जाडजूड झाली आहे, कारण पुस्तकांच्या गाळ्यांवरच्या पावत्याही तिच्यातच आहेत.

६. रात्री दिवा, दिवसा तोंड

हे अगदी व्यवहारातलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला मागून हाक मारू नये, पाठीवर एकदम हातही टाकू नये. समोरून यावं, किंवा खोलीतला दिवा एकदा मिटवून लावावा. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला, विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या. त्या रात्री वीज गेलेली, बाहेर लोक ओरडत होते, आणि बाबा शांत झोपले होते. आईने उशाशी बॅटरी ठेवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

आणि मग २०२०मध्ये मास्क आले. बाबा ओठांवरून बरंच ओळखायचे. सोपं नसतं ते. मराठीत प, ब, म तिन्हींना ओठ सारखेच मिटतात, 'मामा' आणि 'बाबा' दिसायला एकच. पण संदर्भाने लागायचं. मास्कने ओठच गेले. लारीवाला, दूधवाला, औषधांच्या दुकानातला मुलगा, सगळ्यांचे नुसते डोळे. बाबा एकदा कोथिंबीर आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. म्हणाले, "आज कुणीच बोलत नव्हतं." त्या दिवशीच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मला ऐकू येत नाही. कृपया लिहून दाखवा.' गुजरातीत आणि मराठीत. ते पान फाडून त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि खिशात ठेवलं. वहीत त्या जागी फाटलेली कड आहे.

७. लिहिलेलं राहतं

हा सगळ्यांत अवघड धडा आहे आणि मला तो अजून पुरता पचलेला नाही.

सातव्या वहीत एक पान आहे. मी तेव्हा नोकरी सोडायच्या विचारात होते, घरी सासूबाईंचं आजारपण, मुलीची परीक्षा. बाबा काहीतरी समजावत होते. काय, ते अर्थातच वहीत नाही. मी लिहिलंय, 'तुम्हाला काय कळतंय बाहेर काय चाललंय ते? तुम्हाला ऐकू तरी येतं का?' पेन एवढं दाबलंय की मागच्या पानावर उठलंय.

तोंडाने बोलले असते तर त्यांना ते ऐकूच गेलं नसतं. लोक बहिऱ्या माणसासमोर वाटेल ते बोलतात, ते याच भरवशावर. पण आमची भाषा कागदाची होती. त्यांनी ते वाचलं. बोट फिरवलं की नाही, आठवत नाही. पुढची ओळ माझीच आहे, दुसऱ्या दिवशीची, वेगळ्या शाईत, 'चुकले.' मधल्या वेळात बाबा काय म्हणाले ते मी खूप आठवून पाहिलं. काहीतरी म्हणाले होते. मी जिना उतरत होते आणि ते वरून काहीतरी म्हणाले होते. मला ऐकू येत होतं, मी ऐकलं नाही.

ते पान फाडायचं अनेकदा मनात आलं. आई म्हणाली, "त्यांनी नाही फाडलं, तू कशाला फाडतेस?" ती वही त्यानंतर त्यांच्याच कपाटात होती चार वर्षं.

८. आजाऱ्याशी प्रश्न विचारूनच बोलू नये

अकरावी वही पातळ आहे. चाळीसेक पानंच भरली आहेत. त्यांतली बहुतेक वाक्यं प्रश्नचिन्हाची. दुखतंय का? पाणी देऊ? कुशीवर करू? औषध घेतलंत? वाचताना लाज वाटते, कारण आधीच्या दहा वह्यांत आम्ही गप्पा मारत होतो आणि इथे मी नुसती चौकशी करते आहे. फक्त एका पानावर, खूप वाकड्या अक्षरात, कारण वही त्यांच्या डोळ्यांसमोर उभी धरून लिहिलं होतं, मी कामाटीबागेबद्दल लिहिलंय. तिथल्या म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली तुम्ही मला उभं केलं होतंत आणि मी विचारलं होतं की याच्या पोटात आपली स्कूटर मावेल का. बाबा त्यावर बोलले होते. आवाज फार बारीक झाला होता. "डिकीसकट," म्हणाले.

शेवटच्या सात-आठ पानांवर अक्षरांना शिरोरेखा नाहीत. घाई होती आणि बोट फिरवायला हात उचलत नव्हता. शेवटच्या पानावर मी लिहिलंय, 'बाबा, थोडं दुध घेता का?' ऱ्हस्व दु, वर रेघ नाही.

परवा पेन घेऊन बसले होते. टोपण काढलं, पुन्हा लावलं. ते तसंच ठेवलंय.